तीन भोकांची डबी

डबीमामाचं नाक तीनदा मोडलं होतं, जबडा दोनदा, आणि डावा कान एकदाच, पण कायमचा. तेवीस लढतींपैकी एकोणीस हरलेला बॉक्सर तो. कुणी विचारलं, "मामा, उरलेल्या चार कशा जिंकलास?" तर म्हणायचा, "समोरचा माझ्यापेक्षा दमलेला होता." स्वतःबद्दल त्याच्या मनात कसलाही भ्रम नव्हता. राग मात्र होता, आणि तो सगळाच्या सगळा एका माणसावर होता. त्या माणसाला सगळे हातोडा म्हणत.

हातोडा त्याच्याच वजनाचा, त्याच्याच वयाचा. एकतीस वर्षांपूर्वी दोघं याच हॉलमध्ये समोरासमोर आले होते. दुसरी फेरी संपत आली होती. मामाच्या भुवईतलं रक्त डोळ्यात उतरत होतं, हातोड्याच्या दोन बरगड्या गेल्या होत्या, आणि लोक बाकांवर उभे राहून "फोड त्याला, फोड" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होते. कुणाला फोडायचं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. तेवढ्यात पितळी घंटा वाजली. मामा घंटेच्या टेबलाजवळ होता, त्याला ऐकू आली. त्याने हात खाली घेतले आणि आपल्या कोपऱ्याकडे वळला, तोच हातोड्याचा उजवा ठोसा त्याच्या डाव्या कानावर बसला. पडदा फाटला. चार दिवस त्या कानात शिट्टी वाजत राहिली. पाचव्या दिवशी तीही बंद पडली.

"मला ऐकू आली नाही घंटा," हातोडा म्हणाला. पंचांपुढे म्हणाला, दवाखान्यात खाटेशी उभा राहून म्हणाला, पुढे भेटेल त्याला म्हणत राहिला. मामाने त्यातल्या एका अक्षरावर विश्वास ठेवला नाही. "आली होती. मी त्याचे डोळे बघितलेत," एवढंच तो सांगायचा. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

एका कानाचा बॉक्सर कुणाला हवा असतो? मामा पंप आणि पंखे दुरुस्त करायला शिकला, मग स्पीकर शिकला, आणि शनिवार दुपारच्या लढतींना त्याच हॉलचा आवाज सांभाळायला लागला. तिथे त्याने पहिलं काम केलं ते घंटेचं. घंटेच्या अंगाला तिची थरथर टिपणारी, नाण्याएवढी पिकअपची चकती चिकटवली आणि तिच्या वायरीतून घंटा थेट स्पीकरपर्यंत नेली. अॅम्प्लिफायरला भोक एकच आणि आवाज तीन: निवेदकाचा माइक, गाण्यांचं यंत्र आणि घंटा. म्हणून त्याने एक पत्र्याची डबी बनवली, तळहातावर मावेल एवढी. एका बाजूला तीन भोकं, दुसऱ्या बाजूला एक, वर तीन बटणं. तिला सेल लागत नाही की वीज लागत नाही. तीन आवाज आत जातात आणि एक होऊन बाहेर येतात.

"याला मिक्सर म्हणतात," तो कौतुकाने सांगायचा.

"मग यात दळता काय?" हॉल झाडणारी बाई हमखास विचारायची.

"माणसं," मामा म्हणायचा.

डबीची खोड त्याला पक्की माहीत होती. वीज नाही म्हणजे अंगात जोर नाही. आवाज ती वाढवू शकत नाही, आहे तेवढाच वाटून देते. आत प्रत्येक वायरीवर एकेक रेझिस्टर बसवलेला होता, दाराला अडसर असावा तसा. तो अडसर नसला तर दुबळा आवाज स्पीकरकडे जाण्याऐवजी शेजारच्या यंत्रात शिरतो आणि तिथेच जिरतो. घंटेची चकती तिघांत दुबळी. तिच्यासाठीच मामाने एवढा उपद्व्याप केला होता. पंचवीस वर्षं त्या हॉलमध्ये घंटेनंतर एकही ठोसा पडला नाही, आणि हे तो छाती काढून सांगायचा.

त्याची बहीण गेली तेव्हा भाची सहा वर्षांची होती. मामाने तिला दुकानावरच्या दोन खोल्यांत वाढवलं. अकराव्या वर्षी तिने वर्गातल्या एका पोराचे दोन दात पाडले. मामाने त्या पोराच्या बापाचे पाय धरले आणि दुसऱ्याच दिवशी हिच्या हातांत ग्लोव्ह्ज चढवले. नाहीतरी ती मारणारच होती, निदान नियमात मारावं. त्याने तिला शिकवलेला नियम एकच. "घंटा झाली की संपलं. समोरचीने तुझी मेलेली आई काढली तरी संपलं. कळलं?" "कळलं, मामा." हे रोज व्हायचं, आठ वर्षं.

त्या शनिवारी जिंकेल ती राष्ट्रीय संघाच्या शिबिरात जाणार होती. एका बाजूला मामाची भाची, वय एकोणीस. दुसऱ्या बाजूला हातोड्याची धाकटी लेक. हॉल खच्चून भरला होता. अर्धे लोक पोरींची लढत बघायला आले होते आणि उरलेले दोन म्हाताऱ्यांची तोंडं बघायला.

लढतीला अर्धा तास होता तेव्हा हॉलचा मालक आपल्या जावयाला घेऊन आला. जावईबापूंनी फोनमध्ये तोफांचे आणि वाघाच्या डरकाळ्यांचे आवाज भरून आणले होते. ठोसा बसला की तोफ, कुणी पडलं की वाघ, अशी त्यांची कल्पना.

"लाव हे डबीला," मालक म्हणाला.

"भोक नाही मालक. तीनच आहेत."

"मग चौथं पाड!"

चौथं पाडायचं तर तारा झाळायचं सोल्डरिंग आयर्न हवं, नवा रेझिस्टर बसवायला हवा, आणि आयर्न होतं दुकानात. मामाच्या खिशात एका भोकात दोन वायरी जोडणारी एक बारीक पिन होती. निवेदकाची आणि गाण्यांची भोकं जाड पिनेची. बारीक भोक फक्त घंटेचं. तिथे मध्ये अडसर न घालता फोन जोडू नये हे त्याला कळत होतं, नाही असं नाही. पण आतल्या खोलीत भाची हाताला पट्ट्या बांधत होती, मालक डोक्यावर उभा होता, आणि मामाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याने पिन खुपसली. मग खात्री करावी म्हणून घंटेवर टोला मारला. टण्ण. ऐकू आली.

दोन कानांच्या माणसाला आवाज कुठून आला ते कळतं. एका कानाच्या माणसाला फक्त आला एवढंच कळतं. रिकाम्या रिंगशेजारी उभ्या असलेल्या मामाने घंटा ऐकली ती घंटेच्याच पोटातून. स्पीकरमधून काहीच येत नव्हतं.

लढत सुरू झाली आणि पहिल्याच मिनिटात भाचीच्या नाकातून रक्त आलं. हातोड्याची लेक उंच होती, तिचा डावा हात लांब पोचायचा, आणि ती तो पुनःपुन्हा त्याच नाकावर घालत होती. जावईबापू प्रत्येक ठोशाला तोफ उडवत होते. लोक पेटले. पहिल्या फेरीची घंटा झाली तेव्हा दोघी घंटेजवळच होत्या, म्हणून ती स्पीकरमधून आली नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या फेरीत भाचीचा ओठ फुटला, एक डोळा मिटत आला, बनियनचा गळा लाल झाला. तिने दोन ठोसे बरगड्यांत घातले तेव्हा समोरची कण्हली, ते कुणालाच ऐकू आलं नाही. हॉलमध्ये माणसाचा आवाज म्हणून काही उरलाच नव्हता. मामा रिंगच्या बाजूला मांडलेल्या डबीच्या टेबलाची कड धरून उभा होता.

फेरी संपली. टेबलावरच्या माणसाने घंटा हाणली. भाची लांबच्या कोपऱ्याजवळ होती, घंटेकडे पाठ. हातोड्याच्या लेकीचं तोंड घंटेकडे होतं. तिने हात खाली घेतले. पंच "थांबा" म्हणत मागून धावला. आणि भाचीचा उजवा हात खालून आला. अंगात होतं तेवढं सगळं घेऊन आला आणि हनुवटीवर बसला. दातांवरचं रबर उडून तिसऱ्या रांगेत पडलं. पोरगी उभीच्या उभी मागे कोसळली, डोकं फळ्यांवर आपटलं, आणि तिचा एक पाय आपोआप झटके देत राहिला. जावईबापूंनी वाघ सोडला.

त्या क्षणी मामाची नजर भाचीच्या चेहऱ्यावर होती. त्याने ती लगेच काढून घेतली आणि डबीकडे वळवली. घंटेच्या भोकात फोनची पिन होती, आणि मध्ये अडसर नव्हता.

पुढे नुसता गोंधळ माजला. खुर्च्या उडाल्या, एकाचं डोकं फुटलं. हातोडा दोर ओलांडून रिंगमध्ये शिरला आणि त्याने भाचीच्या मानेला हात घातला. मामा मधे पडला. छप्पन्न वर्षांचे दोन म्हातारे, पण ठोसा तो ठोसाच. मामाचं नाक चौथ्यांदा मोडलं.

"घंटेनंतर मारलं तुझ्या पोरीने!" हातोडा किंचाळत होता. "हात खाली होते माझ्या लेकीचे!"

"मला ऐकू आली नाही," भाची म्हणाली. "मला घंटा ऐकूच नाही आली, मामा."

डॉक्टर आले. पोरगी दहा मिनिटांनी शुद्धीवर आली, जबडा दोन ठिकाणी मोडला होता. तिला आईबरोबर गाडीत घालून पाठवलं आणि हातोडा परत आला. त्याला भाचीवर बंदी लिहून घ्यायची होती. तीन पंच टेबलाशी बसले. मुद्दाम मारलं असं ठरलं तर भाची कायमची बाद. मग ना शिबिर, ना रिंग, आणि नियमाबाहेर ते हात काय करतील ते मामाला ठाऊक होतं.

तो रक्ताने भरलेला शर्ट घालूनच पुढे आला. त्याने पंचांपुढे डबी ठेवली.

"साहेब, एक जण उठून त्या लांबच्या स्पीकरला कान लावा."

थोरले पंच उठले. मामाने घंटा वाजवली. "काही नाही," पंच म्हणाले. मामाने जावयाच्या फोनची पिन उपटली आणि पुन्हा वाजवली. स्पीकरमधून घंटा अशी फुटली की पंच दचकून मागे सरकले.

"चूक माझी आहे," मामा म्हणाला. "मध्ये अडसर घालायला हवा होता, घातला नाही. त्या कोपऱ्यात घंटा पोचलीच नाही. पोरीला शिक्षा करू नका, मला करा."

पंचवीस वर्षांची अब्रू त्याने एका वाक्यात टेबलावर ओतली. मालक जोरजोरात मान हलवत होता, जणू फोन लाव म्हणणारा कुणी दुसराच होता. पंचांनी निकाल दिला: लढत रद्द, जबडा भरून आला की पुन्हा, भाचीवर ठपका नाही. मामाने मात्र यापुढे हॉलच्या आवाजाला हात लावायचा नाही. मालकाने तिथल्या तिथे डबी जमिनीवर आपटली आणि बुटाखाली चेपली.

हातोडा दाराशी थांबला होता. मामा त्याच्यापाशी गेला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

"तुलाही त्या दिवशी ऐकू आली नसेल," तो म्हणाला. "चुकलो मी."

"एवढी वर्षं दुसरं काय सांगतोय, गाढवा?" हातोड्याने खिशातून रुमाल काढला, मामाच्या नाकाशी धरला, आणि लेकीच्या मागे दवाखान्यात पळाला.

आतल्या खोलीत भाची बाकावर बसली होती. मामा तिच्या शेजारी बसला, तिला जरा आपल्याकडे वळवून तिचा उजवा हात मांडीवर घेतला आणि पट्टी सोडायला लागला. आतली बोटं सुजली होती. बाहेर हॉल झाडणारी बाई केरसुणीने खुर्च्यांचे तुकडे गोळा करत होती. मामाला अंगभर दुखत होतं आणि तरी हलकं वाटत होतं, कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. हॉल गेला तर गेला. पोरगी वाचली, आणि एकतीस वर्षांचं विष उतरलं.

"त्याचं खरंच होतं म्हणायचं," तो म्हणाला. "मी उगाच आयुष्यभर त्याच्या नावाने बोटं मोडत बसलो."

भाचीने मोकळ्या हाताने ओठावरचं रक्त पुसलं.

"मामा, घंटा आली होती."

पट्टी सोडणारा त्याचा हात थांबला.

"बारीक आली. पण आली. तिने हात खाली घेतले आणि ती हसली माझ्याकडे बघून. मला कळलं होतं की संपलं म्हणून. तरी मारलं."

मामाने मान वर केली नाही. त्याने पट्टीचं टोक शोधलं आणि पुन्हा सोडायला लागला, सावकाश, एकेक वेढा.

"मामा, ऐकलंस ना मी काय म्हटलं ते?"

"नाही," मामा म्हणाला. "मला ऐकू नाही आलं."

ती त्याच्या उजव्या बाजूला बसली होती, धड कानाच्या.