टीव्हीचे दोन डिग्री

आमच्या घरात हवामानाच्या बातम्या आरोपीची जबानी ऐकावी तशा ऐकल्या जात. बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटच्या इन्स्ट्रुमेंट विभागातून निवृत्त झालेले. पडद्यावर काळा गॉगल लावलेला सूर्य हसत यायचा, शेजारी रायपूरचा आकडा, आणि बाबांचं डोकं फिरायचं. "मीटर कुठं लावला हाये? हवेत ओल किती? हे कावून नाही सांगत? लोकायले येडं समजून राहिले."

मलाही ते पटायचं. जो अर्धं सांगतो तो उरलेलं लपवतो, हा संशय मी बाबांकडूनच घेतला. रायपूरचा आकडा भिलाईला कशाला, ही त्यात माझी भर.

मग बाबांनी प्लांटमधला उपाय काढला. तिथे दोन मीटर जुळले नाहीत की फरक नोंदवायचा आणि पुढे तो वजा करून वाचायचं. त्यांनी स्वतःचं थर्मामीटर मागच्या खिडकीशेजारी खिळ्याला टांगलं. रोज दुपारी दोन्ही आकडे वहीत, लिहायचं काम माझं. पंधरा दिवसांत निकाल लागला: टीव्हीवाले दोन डिग्री वाढवून सांगतात. मला चोर पकडल्याचा आनंद झाला.

मे महिन्यात आईला कुम्हारीला आजारी बहिणीकडे जायचं होतं. दुपारी बाहेर पडू नका, असं टीव्हीवर सांगत होते. आईने बाबांकडे पाहिलं.

"जाय तू," बाबा म्हणाले. "दोन डिग्री वजा कर. याच्याहून जास्तीत आमी फर्नेसपाशी उभे राहात होतो." मीही मान डोलावली.

तासाभराने फोन आला. आई बसस्टॉपवर कोसळली होती, लोकांनीच दवाखान्यात नेलं होतं. ऊन लागलंय, उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. इतकी मी कधीच घाबरले नव्हते.

तिचे कपडे न्यायला घरी आले, तेव्हा मागच्या खिडकीतल्या कूलरच्या टाकीत सोडलेली नळी तशीच वाहत होती. ती काढायला मागे गेले आणि भिंतीला हात लागला. भिंत गार, ओलीकच्च. थर्मामीटर कूलरच्या भिजलेल्या गवतापासून जेमतेम वीतभर लांब. दोन डिग्री टीव्हीने वाढवलेच नव्हते, आमच्या कूलरने कमी केले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! बाबांवर संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःवर, कारण ते आकडे माझ्या अक्षरात होते. टीव्हीने सगळा तपशील द्यावा, असं मला आजही वाटतं. पण तेव्हा दिला असता तरी आम्ही आमच्या वहीवरच विश्वास ठेवला असता.

दुसऱ्या दिवशी आई बोलायला लागली. बाबा उशाशी बसले होते. चक्कर येत होती तर परत का नाही फिरलीस, असं मी चिडूनच विचारलं.

"ऊन तं लय पोळून राहिलं होतं," ती म्हणाली. "पन तुमच्या वहीत कमी होतं ना. मले वाटलं, माह्यातच काई बिघडलं असन."