या नावाची वस्ती इथं नाही

माझी वहिनी श्रीलंकेची. नागपूरला पाली शिकायला आली, माझ्या भावाशी जुळलं, आणि लग्न होऊन कामरगावच्या पुढं आमच्या गावात नांदायला आली. बघता बघता वऱ्हाडी बोलायला लागली. भाकरी मात्र अजून जाडच थापते, आणि वरून आम्हालाच म्हणते, "खा ना गुमान!"

परदेशी माणसाला इथं राहायचं तर पोलिसांकडे नोंद करावी लागते, आणि पत्ता बदलला की कळवावंच लागतं. वाशिमला हे तिला बजावून सांगितलं होतं. आम्ही निर्धास्त. पत्ता कायले बदलते? आजोबांनी बांधलेलं तेच घर, तोच बोळ.

घर जागेवरच राहिलं आणि पत्ता बदलला! आमच्या वस्तीला पिढ्यानपिढ्या जातीवरून नाव होतं. ते मी इथंही लिहिणार नाही, हात धजत नाही माझा. ते काढावं म्हणून बाबा वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीत भांडले. शेवटी ठराव झाला, समतानगर अशी पाटी लागली. त्या दिवशी बाबा पाटीजवळून हलेचनात. म्हणाले, "आता कोनी जुनं नाव घेतलं तर सांगाचं, अशी वस्ती इथं नाई." वहिनीच्या कागदांवर अजून तेच नाव आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

तिच्या मुक्कामाची मुदत वाढवायचा अर्ज दिलेला होता. चौकशीला नवा पोलीस शिपाई आला. स्टँडवरच्या टपरीत बाबा चहा पीत बसले होते, त्यांनाच त्यानं जुन्या नावानं वस्ती विचारली. बाबांचा पारा चढला. "या नावाची वस्ती या गावात नाई. होती तवा होती!" कोणाकडे आला, काहून आला, काही विचारलं नाही. तो बिचारा आल्या पावली परत गेला. घरी येऊन बाबांनी हे आम्हाला छाती फुगवून सांगितलं, आणि आम्ही हसलो.

मग वहिनीला नोटीस आली. दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, नवा पत्ता कळवला नाही, समक्ष येऊन खुलासा करावा.

भावानं ती मोठ्यानं वाचून दाखवली. वहिनी पोटुशी होती. तिनं एकच विचारलं, "मले एकटीले धाडून देतीन का?" आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं! त्यानंतर दाराशी मोटारसायकल थांबली तरी आम्ही दचकायचो. वहिनी अंगणातसुद्धा येईना. शेजारीण विचारायला आली, "आता नेतेत काय वं तिले?" मी तिच्यावर अशी खेकसले की ती चप्पल विसरून गेली. पण खरं सांगते, तोच प्रश्न मलाही झोपू देत नव्हता.

बाबांनी ताट लोटलं. म्हणाले, "माह्याच तोंडानं घालवलं मी पोरीले."

आम्ही चौघं वाशिमला पोलीस कचेरीत गेलो. साहेबांनी विचारलं, "घर कधी बदललं?" भाऊ पाटीचं, ठरावाचं सांगायला गेला आणि त-त-प-प करायला लागला. साहेब शांतपणे म्हणाले, "एवढंच सांगा, ही वस्ती आणि ती वस्ती एकच का? आधीचं नाव घरच्या कर्त्या माणसानं सांगावं. तसा जबाब लिहून घेतो."

मी बाबांकडे पाहिलंच नाही. मनात म्हणत होते, नका घेऊ बाबा. आणि लगेच, घ्या बाबा, लवकर घ्या.

बाबांनी ते नाव घेतलं. लिहिणाऱ्याला ऐकू गेलं नाही. "जरा मोठ्यानं," तो म्हणाला.

बाबांनी पुन्हा घेतलं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. मग म्हणाले, "तिथंच जल्मलो मी. तेच घर हाय."

जबाबावर सही झाली, नवा पत्ता चढला. साहेब म्हणाले, "मुदतवाढीची काळजी करू नका, जा आता." बाहेर येऊन वहिनी रडली, मग हसली, मग डोळे पुसत बाबांना म्हणाली, "बाबा, तो शबूद मी किती कागदायवर लेहला. त्याचा अर्थ काय होते?"

भाऊ दुसरीकडे पाहायला लागला.

"काई नाई माय," बाबा म्हणाले. "पत्ता होता तो."