एकोणीस चिठ्ठ्या

दिलदार शिकलगार यांनी शिरोलीच्या एका फौंड्रीत चौतीस वर्षं काढली, शेवटची अकरा फोरमन म्हणून. रिटायर झाल्यावर त्यांना एकच कोडं पडलं होतं : आपली लेक कशिश नेमकं बनवते काय? राजारामपुरीत तिचं पाच जणांचं ऑफिस. दूध संस्थांची सॉफ्टवेअरं करायची. कुरुंदवाडकडच्या एका संस्थेनं मात्र बजावलं होतं, पंधरा दिवसांत तक्रारी मिटवा, नाहीतर आम्ही दुसरीकडं जातो. ती गेली की ऑफिसला कुलूप, असं म्हणून कशिशनं जेवणाचं ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी डब्याचं निमित्त करून दिलदार तिथं जाऊन बसले. सगळे मान खाली घालून कामात, तरी माल बाहेर पडत नव्हता. फौंड्रीत असं झालं की ते एक चक्कर मारायचे. जिथं ढीग, तिथं दुखणं. इथं ढीग बघायचा कुठं?

शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या राजवीरला त्यांनी चाचरतच विचारलं, "एका तक्रारीची एक चिठ्ठी करून, आत्ता ती ज्याच्याकडं अडलीय त्याच्या टेबलावर ठिवता येईल काय?"

"चाचा, हितं काय ओतकाम चालतंय व्हय?" राजवीर हसला, पण लिहायला बसला.

सत्तावीस चिठ्ठ्या झाल्या. चौघांकडं दोन-दोन. उरलेल्या एकोणीस कशिशपुढं. चूक जायला नको म्हणून प्रत्येक दुरुस्ती तीच तपासून पुढं सोडायची.

ती ढिगाकडं बघत राहिली. "म्हणजे मीच अडवलंय, अब्बा?"

"मीबी अडवत हुतो की," दिलदार म्हणाले. "प्रत्येक कास्टिंगवर हात फिरवल्याशिवाय सोडत न्हवतो. माल न्यायला आलेल्या गाड्या दारात उभ्या. मग मालकानं माझ्यापुढं खडूनं चौकोन आखला. त्यात चारच नग ठिवायचे. चौकोन भरला की माझ्याकडं माल धाडणाऱ्या मागच्या गड्यानं नवं काम घ्याचं न्हाई, माझ्याबरोबर तपासाय यायचं."

खडू नव्हता. कशिशनं टेबलावर चिकटपट्टीनं चौकोन केला, चार चिठ्ठ्या आत ठेवल्या आणि बाकीच्या पंधरा, जरा वेळ हातात धरून, एकमेकांच्या तपासायला चौघांत वाटून दिल्या.

चौदाव्या दिवशी दिलदारांनी डबा ठेवायच्या आधी चौकोनात डोकावलं. दोनच चिठ्ठ्या, त्याही दुसऱ्या संस्थेच्या. कुरुंदवाडच्या सचिवांचा सकाळीच फोन येऊन गेला होता. संस्था कशिशकडंच राहणार होती.

"मग आता तरी सांग," दिलदार म्हणाले, "तुम्ही बनवता काय?"

कशिशनं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरचा स्क्रीन त्यांच्याकडं वळवला.