राहून गेलेला शेक

अकोले तालुक्यातल्या डोंगरात नर्स म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि स्वभावाने तिरसट. माहेर पाथर्डीकडचं, तिसगावाजवळ. जिल्हा एकच, पण आमच्याकडे प्यायला पाणी नाही आणि इथे चार महिने अंगावरचं पातळ वाळत नाही. उपकेंद्र म्हणजे शाळेमागची एक खोली. त्यात लोखंडी खाट, स्टोव्ह, एक रजिस्टर आणि माझी पत्र्याची ट्रंक. समोर ठाकरवाडी.

संध्याकाळी मला स्वतःशीच बोलायची सवय लागली. दिवाळीनंतर आईला दोन-तीन पत्रं टाकली. आई-वडील कोयता घेऊन कारखान्यावर ऊसतोडीला गेलेले, घराला कुलूप. पत्र बंद दाराच्या फटीत पडून राहणार हे मला ठाऊक होतं, तरी टाकत राहिले.

वाडीतली माणसं माझ्याशी वाईट वागत नव्हती. पायाला कुऱ्हाड लागली की यायची, तापाच्या गोळ्या न्यायची. पण बाळंतपणाला मला कोणी बोलवायचं नाही. पाचवी पुजून झाली की निरोप यायचा, मग मी जाऊन नुसती नोंद करायची. साहेब विचारायचे, बाई, एवढ्या बाळंतपणांत तुमच्या हातचं एकही कसं नाही? मी मनात म्हणायचे, या तुम्ही, चढा डोंगर.

वाडीची सुईण सत्तरीची, काटक म्हातारी होती. नाळ कापायला ती त्या-त्या घरातला विळा घ्यायची आणि वरून राख लावायची. तिला द्यायची सरकारी पेटी माझ्याकडे पडून होती, ब्लेड, दोरा आणि कापूस असलेली. मी ती घेऊन गेले तर म्हातारीने पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "बाई, तू कदी बाळंत झालीस का?" मी नाही म्हणाले. त्या वाडीची रीत अशी, की जिने बाळंतपण सोसलं नाही तिने बाळंतिणीच्या दारातून आत जायचं नाही. मी खोलीवर आले, पेटी खाटेखाली ढकलली आणि त्या रीतीला मनसोक्त शिव्या घातल्या. आपण म्हातारीशी खोटं बोललो, हे मात्र मनातून जाईना.

शाळेपलीकडच्या घरात एक तरणी बाई राहायची. तिची आधीची दोन्ही मुलं सातव्या दिवशी गेली होती. दूध ओढेनात, जबडा मिटला, अंग ताठ झालं. वाडीत म्हणायचे, सटवाईने नेली. तो धनुर्वात होता, विळ्यातून आलेला, हे मला कळत होतं. आता तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. पोट सांभाळत ती रानात हिरडा गोळा करायला जायची आणि येताना माझ्या दारात मूठभर करवंदं ठेवायची. बोलायची नाही. दिवसभरात मला माणसाची चाहूल लागायची ती तेवढीच. हिचं मूल तरी त्या विळ्याखाली जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

एका सकाळी तिच्या घरातून कण्हणं ऐकू आलं. मी ब्लेड आणि दोरा उकळत ठेवला, वीस मिनिटांनी झाकण न काढता भांडं उचललं आणि निघाले. म्हातारी दारात आडवी आली. "न्हाई," एवढंच म्हणाली. चार बायका माझ्याकडे बघत होत्या.

पाच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं ते मी त्या दारात उभ्या उभ्या सांगितलं. सतराव्या वर्षी मला मूल झालं होतं, आणि तेही सातव्या दिवशी जबडा मिटून गेलं. नवऱ्याने दुसरी केली. मी नगरला नर्सिंग शिकायला गेले आणि तिथे वर्गात धनुर्वाताचा धडा झाला, तेव्हा मला कळलं की माझं मूल कशाने गेलं. त्या दिवशी मी वर्गातून उठून बाहेर गेले होते, पोटात दुखतंय म्हणून.

म्हातारीने ऐकून घेतलं. मग विचारलं, "शेक मिळाला का तुला?" मी नाही म्हणाले. मूलच नाही तर शेगडी कोणासाठी पेटवायची, असं सासरी म्हणाले होते. म्हातारी दारातून बाजूला झाली.

आत सगळं तिनेच केलं. मी नुसतं ब्लेड तिच्या हातात दिलं. नाळ कापून झाल्यावर तिचा हात राखेकडे गेला, तो मी धरला, आणि तिने धरू दिला.

पुढे रोज सकाळी मी जाऊन विचारायचे, दूध ओढतंय का? सातवा दिवस उजाडला आणि मावळला. आठव्या सकाळी पोरगं भोकांड पसरून रडत होतं, आणि त्याची आई पहिल्यांदा माझ्याशी बोलली. भाकर खाऊन जा म्हणाली. मला आनंद झाला. खोलीवर आल्यावर मात्र तिचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून स्वतःची लाज वाटली. इतकी एकटी मी त्या डोंगरात कधीच पडले नव्हते.

दुपारी म्हातारी आली. डोक्यावर शेगडी, हातात तेलाची वाटी आणि निरगुडीचा पाला. दार लावून घेतलं आणि मला आडवी हो म्हणाली. मी म्हटलं, आजी, पाच वर्षं झाली, आता काय उपयोग?

"पोर गेलं म्हून तू बाळंतीन नव्हतीस व्हय?" ती म्हणाली.

तिने मला तेल चोळलं, पाल्याच्या कढत पाण्याने न्हाऊ घातलं, जुन्या लुगड्याने पोट आवळून बांधलं आणि शेगडी खाटेखाली सारली. त्या सरकारी खाटेवर आजवर एकही बाळंतीण झोपली नव्हती. पहिली मी. असं तिने पाच दिवस केलं.

पाचव्या दिवशी पाय रगडता रगडता तिने विचारलं, "पोरगं हुतं का पोरगी?"

मला हे तोवर कोणीच विचारलं नव्हतं.

"पोरगी," मी म्हणाले आणि हंबरडा फोडला. म्हातारीने मला गप्प केलं नाही. शेगडीतले कोळसे सारत ती माझ्या पायाशी बसून राहिली.