फ्री थ्रोच्या वेळचा डबा

काल स्वयंपाकघरात वनस्पती तुपाचा रिकामा डबा फरशीवर पडला आणि त्या आवाजाने मला नागपुरातल्या आमच्या बास्केटबॉलच्या मैदानावर नेऊन उभं केलं. कारखान्यांच्या संघांची तीन सामन्यांची अंतिम लढत होती आणि दोघांनी एकेक जिंकून तिसरा सामना संपत आला होता. संत्र्याच्या सालींचा वास, लाकडी पायऱ्यांवर आपटणारे पाय आणि आम्हा मोहल्लेवाल्यांच्या हातात वाजवायला तुपाचे डबे. रिवाज एकच होता, फ्री थ्रोच्या वेळी डबे बंद. आम्ही एका गुणाने पुढे असताना समोरच्या संघाकडून माझा शाळेतला मित्र दोन फ्री थ्रो टाकायला रेषेवर आला. त्याला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरवणारे साहेब समोरच बसले होते. त्यानेच मला सकाळी सांगितलं होतं. शेजारचा म्हणाला, "तुया दोस्त हाये म्हणून मुका बसून राहिला का गा?" सगळे हसले. चेंडू त्याच्या हातातून सुटत असतानाच मी डब्यावर काठी हाणली. चेंडू बास्केटच्या कड्याला लागून बाहेर पडला, पाठोपाठ दुसराही, आणि आम्ही जिंकलो. बाहेर सायकलींपाशी त्याने विचारलं, "कोनं वाजवला गा डबा? तुले दिसला का?" मी म्हणालो, "एवढ्या गर्दीत कोठून दिसन?" त्याला कायम केलं नाही, तो कोराडीला कोळशाच्या ट्रकवर लागला. आजही घरी आला की माझ्या मुलांना ती गोष्ट सांगतो, त्या डबेवाल्याला शिव्या घालतो, आणि "तुमचा बाप होता ना तिथं, विचारा त्याले," म्हणतो. मी मान डोलावतो.