गुरम्मा निवडणुकीत कशी पडली

आमच्या प्रभागात दिवस उजाडतो तो गुरम्माच्या आवाजानं. घंटागाडीवर कर्णा आहे, त्यातून स्वच्छतेचं गाणंही वाजतं, पण गुरम्मा बोलायला लागली की गाणं कुणाला ऐकू येत नाही. "वैजयंतीताई, बादली आना! काल बी दिली न्हाय तुमी. लोणचं घालताय काय कचऱ्याचं?"

वैजयंती म्हणजे माझी बायको. समोरच्या माझ्या इस्त्रीच्या दुकानातून मी हे रोज ऐकतो आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटतं. तिला असं बोलायची माझी स्वतःची अजून छाती झालेली नाही.

गुरम्मा अक्कलकोटकडची. रागावली की कानडीत शिरते. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला उठवत नसेल तर गाडी थांबवून आत जाते आणि बादली स्वतः उचलून आणते. पगार ठेकेदाराचा, घर गावाबाहेर कचरा डेपोला लागून. त्या डेपोवर सरकारी योजनेतून खताचं एक यंत्र आलेलं आहे. कोनशिला बसली, फीत कापली गेली आणि यंत्र ताडपत्रीखाली जे झोपलं ते झोपलंच. त्याला ओला कचरा वेगळा लागतो, आणि आम्ही मंडळी ओल्या-सुक्याचं एकत्र कुटुंब करून देतो. मग ढीग साचतात, ढीग पेटतात, आणि धूर गुरम्माच्या घरात शिरतो. तिची सासू शिवबाई खोकून खोकून अर्धी झाली आहे.

गुरम्मा तक्रार घेऊन पालिकेत गेली की उत्तर ठरलेलं. निवडणुका रखडलेल्या, कारभार प्रशासकाकडे. "नवीन सभागृह येऊ द्या बाई, ते काय ते ठरवेल." प्रशासकाला सभागृहाचे सगळे अधिकार असतात, असं मी पेपरात वाचलं होतं. नको असलेलं काम समोर आलं की सभागृहाची आठवण येते, हे मात्र पेपरात नव्हतं.

शेवटी एकदाची निवडणूक लागली. आमच्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी निघाली, आणि गुरम्मानं गाडीवरूनच जाहीर केलं, "सभागृह न्हाय म्हनत्यात न्हवं? मग मीच हुते की सभागृह!"

कायद्यानं तिची चांगलीच उलटतपासणी घेतली. मुलं दोनच ना? दोनच. घरात शौचालय? आहे, आणि वापरात आहे. पालिकेच्या ठेक्याशी संबंध? इथं वकील अडखळला. पगार ठेकेदाराचा, पण ठेका पालिकेचा. छाननीत कुणी हरकत घेतली तर पंचाईत, त्यापेक्षा काम सोडलेलं बरं, असं तो म्हणाला. गुरम्मानं गाडी सोडली.

तिच्या जागी ठेकेदारानं जो गडी आणला, त्याला आमची गल्ली म्हणजे हमरस्ता वाटायची. गाणं ऐकून बाई दारात येईपर्यंत गाडी मारुतीच्या देवळापलीकडे गेलेली असायची. बादल्या ओसंडल्या, कुत्र्यांची चंगळ झाली. वैजयंती बादली घेऊन त्या गाडीमागे धावताना मी पाहिली. हसलो नाही, कारण दुपारचं जेवण घरीच होतं.

प्रचारात गुरम्मासमोर होती सोनम, सिमेंट-सळईच्या मोठ्या दुकानदाराची सून. सोनमकडे जीपगाड्या होत्या, गुरम्माकडे आवाज. "यंत्र चालू करते, धूर बंद करते," एवढाच तिचा जाहीरनामा. आणि दारोदारी प्रत्येक बाई तिला सांगायची, "तुला न्हाय तर कुनाला?" मी तर गुलाल उधळणार म्हणून दुकानातले धुतलेले कपडे झाकायला चादर काढून ठेवली होती.

गुरम्मा पडली, तीही थोडक्यात.

संध्याकाळी वैजयंती चहा न करताच बसून राहिली. मग म्हणाली, "म्या न्हाय दिलं तिला मत."

"काय?"

"ती पालिकेत जाऊन बसली आसती तर गाडीवर कोन? तो गडी? म्हटलं, माज्या एका मतानं ती थोडीच पडतीय. बाकीच्या देतीलच की."

शेजारीण आली, तिचंही तेच. पलीकडच्या दोघींचंही तेच. सगळ्या गल्लीनं गुरम्माला बाकीच्यांच्या भरवशावर सोडलं होतं. प्रेमापोटी पाडली होती तिला! मला इतका संताप आला की त्या तिरमिरीत एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची बाही जाळली.

ठेकेदारानं गुरम्माला परत घेतलं. पहिल्या सकाळी गल्लीत नुसतं गाणं ऐकू आलं, तिचा आवाज नाही. बायका बादल्या घेऊन दारात खाली माना घालून उभ्या.

"गुरम्मा, तुला एक सांगायचं हाय," वैजयंती चाचरत म्हणाली.

"ठावं हाय. तुमच्या बूथची मतं मोजली की समद्यांसमोर." गुरम्मानं बादलीत डोकावून पाहिलं. शिळा भात, दुधाच्या पिशव्या, कांद्याची सालं, सगळं एकत्र. तिनं बादली वैजयंतीच्या हातात परत दिली. "येगळं करा. पालिकेत बसून ठराव करनार हुते, त्यो आता तुमच्या दारात केला. मिसळलेला कचरा ह्या गाडीत चढनार न्हाय."

वैजयंती हललीच नाही. तेव्हा गुरम्माचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "म्हातारीला खोकून झोप न्हाय, ताई. तुमाला गाडी पायजे हुती. मला हवा पायजे हुती."

माझी बायको पायरीवर बसली आणि भातातून पिशव्या निवडायला लागली. डोळे पुसायला हात रिकामा नव्हता. एकेक करत सगळ्या बसल्या.

गल्लीच्या टोकाला सोनमचं घर. तिच्या बादलीत विजयाचे हार आणि जेवणावळीच्या प्लास्टिकच्या ताटल्या होत्या. तीही बादली परत गेली. नव्या नगरसेविकेनं इकडेतिकडे पाहिलं, सगळी गल्ली खाली बसलेली दिसली, तेव्हा तीही उंबऱ्यावर टेकली आणि ताटल्यांतून झेंडू वेचू लागली.

"तुला उशीर होतोय गं," ती ओशाळून म्हणाली.

"व्हऊ द्या, म्याडम. पाच वर्सं हायेत तुमच्याकडं," गुरम्मा म्हणाली. "यंत्रावरची ताडपत्री निघस्तवर म्या रोज हितं हुबी हाय."