अंगठा मी हलवला

हुरड्याचे दिवस होते. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सेनगावजवळच्या आमच्या शेतात ज्वारी राखायला मी उंच माळ्यावर उभी होते. गोफण फिरवताना पायाखालची लाकडी बल्ली मोडली आणि मी बांधावरच्या दगडावर पाठीनं आदळले. नवरा धावत आला. त्यानं माझे पाय सरळ केले. ते मला दिसले, पण त्याचा हात लागलेला कळला नाही.

तिसऱ्या दिवशी गावातल्या एका जाणत्यानं तापलेल्या विळ्यानं कमरेखाली डाग दिला. मी पालथी पडून, दात आवळून वाट बघत होते. कातडी जळाल्याचा वास आला तरी विचारत होते, "कधी देता?" सासूबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. तेव्हा मला काय झालं ते कळलं आणि मी ओरडले.

बैलगाडीत कडबा अंथरून मला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. उजव्या तळव्याला बारीकसं कळलं.

"पाठीच्या कण्यातली दोरी चेंबली आहे," ते म्हणाले. "जखम भरेल, पण तिथं वण धरेल. वणातून पायाला सांगावा जात नाही. शाबूत राहिली असेल तेवढ्या दोरीवरच भरोसा. हिची कूस बदलत राहा, पाय रोज हलवा."

तोवर जखम भरणं म्हणजे बरं होणं, एवढंच मला ठाऊक होतं. आता भरण्याचंच भेव बसलं. डागाच्या जागी गुळगुळीत, ताठ कातडी आली. "चांगलं भरून राहिलं," तेल लावताना सासूबाई म्हणायच्या, आणि मला वाटायचं, आतही असंच लिंपत चाललं असेल.

चैत्रात एका दुपारी डावा पाय आपसूक उडाला. "आला, पाय आला!" सासूबाईंनी हाक दिली. मी पायाला थांब म्हणत होते, तो थांबेना.

"आत्याबाई, मी न्हाई हलवला."

सासूबाई खाटेवर बसल्या.

त्याच आठवड्यात नणंद आली. माझ्यासमोरच म्हणाली, "दादाचं दुसरं लगीन करा."

"आधी हिची कूस बदलायला हात लाव," सासूबाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी मी उजव्या पायाच्या अंगठ्याला खाली वळ म्हटलं. तो वळला. पुन्हा म्हटलं, पुन्हा वळला. दोन दिवस कोणाला सांगितलं नाही, सांगितलं आणि थांबला तर?

दिवाळीच्या सुमारास सासूबाईंचा खांदा धरून मी दारापर्यंत गेले. डावा पाय फरफटत होता. शेतातून आलेला नवरा मला उभी बघून पांढराफटक पडला.

"बस, बस, पडशील," तो म्हणाला.

"काहून बसू?" मी म्हणाले. दाराची चौकट धरून उभीच राहिले.